वर्गात मागे कुणीतरी हवं

आमच्या गल्लीतली एक मुलगी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी आपण ज्याला डी.एड. म्हणायचो तोच हा अभ्यासक्रम, नाव तेवढं बदललं. तिचे वडील माझे विद्यार्थी. म्हणून ती मला आबाजी म्हणते आणि अधूनमधून वह्या घेऊन येते. "आबाजी, शुद्धलेखन बघून द्या जी." सध्या तिची आंतरवासिता सुरू आहे, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याचे आठवडे. त्यात रोजनिशी लिहावी लागते. परवा तिची रोजनिशी चाळत होतो. पुढच्या पानांवर सगळं व्यवस्थित होतं. परिपाठ घेतला, इयत्ता दुसरीला वजाबाकी शिकवली, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता, पाठ यशस्वी झाला, वगैरे. वही उलटी केली तर मागच्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं काही दिसलं. ती ओशाळली. "ते नका वाचू, ते असंच आहे." मी म्हटलं, नाही वाचत. मग तीच म्हणाली, "वाचा. तुम्हाला नाही तर कुणाला दाखवू?"

तिच्या परवानगीनं, नाव-गाव गाळून, त्यातलं एक वाक्य इथे लिहितो. "आज मी चुकले का, ते मला कळलं नाही. विचारायला कुणी नव्हतं."

दोन दिवस हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्यावरच आज लिहायचं आहे.

आधी तिचा दिवस कसा असतो ते सांगतो. पहाटे पाचला उठणं. आईला स्वयंपाकात मदत, डबा, मग एसटी. गाडी वेळेवर आली तर फाट्यावर उतरून पुढे पायी. हिवाळ्यात धुकं असलं की ती फाट्यावरच थांबते, दोघं-तिघं जमेपर्यंत. आमच्या गोंडपिपरी तालुक्यात वाघाची भीती ही काही गोष्टीतली भीती नाही, धानाच्या बांधीत कापणीला जाणारी बाईसुद्धा आता एकटी जात नाही. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दोन शिक्षकांपैकी एक जण आठवड्यातून एक-दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या बैठकीला, माहिती भरायला, प्रशिक्षणाला. दुसऱ्यांच्या मागे पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन नोंदी, आणि नेटवर्क शोधत गावाच्या टोकापर्यंत जाणं. अशा वेळी "मॅडम, जरा बघा वर्ग" असं सांगून ते जातात, आणि एकोणीस वर्षांच्या या पोरीच्या हाती चार वर्ग येतात. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि खरं म्हणजे केलेलंही आहे.

त्या दिवशी घडलं ते एवढंच. पहिलीतला एक मुलगा काही केल्या बोलेना. घरी तेलुगू बोलणारं कुटुंब, वर्गात मराठी. आमच्या भागात हे नवीन नाही, एकाच गावात झाडीबोली, गोंडी, तेलुगू अशी घरं असतात. तिनं त्याला जवळ घेतलं, चित्रं दाखवली, नावं विचारली. तो गप्प. मग ती जरा जोरात बोलली. तो रडायला लागला आणि दप्तर उचलून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या पानांवर याची नोंद नाही, कारण तिथे "पाठ यशस्वी झाला" असं लिहायचं असतं.

हे वाचताना मला माझे दोन प्रसंग आठवले. एक सांगायला बरा वाटतो, दुसरा नाही. पण दोन्ही सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

पहिला प्रसंग माझ्या सराव पाठांच्या वेळचा, १९७१ चा. आम्हा छात्राध्यापकांना जवळच्या खेड्यातल्या शाळेत पाठ घ्यायला पाठवत. पाठाचं टाचण आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात लिहायचं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, असा सगळा जामानिमा. माझा पाठ होता पावसाच्या पाण्यावर. मी प्रश्न विचारला, "पावसाचं पाणी कुठे जातं?" टाचणात अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं, "नदीला जाऊन मिळतं." तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं उठून म्हणालं, "बांधीत रायते, मंग बोडीत जाते, मंग नदीत." मी त्याला तिथेच थांबवलं. "रायते नाही, राहते म्हण. मंग नाही, मग." पोरगं खाली बसलं. मग एका हुशार मुलानं मला हवं ते उत्तर दिलं आणि पाठ पुढे सरकला. निरीक्षकांनी शेरा दिला, फलकलेखन सुंदर, वर्गनियंत्रण उत्तम. मी खूश.

त्या शाळेचे मोठे गुरुजी पाण्याच्या रांजणाजवळ खाली बसून हजेरीपटाच्या बेरजा करत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष असेल असं मला वाटलंही नव्हतं. संध्याकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "ते तिसऱ्या रांगेतलं पोरगं काय म्हणालं हो?" मी म्हटलं, "अशुद्ध बोलत होता." "बोलीचं जाऊ द्या. पाणी कुठं जाते म्हणाला?" मला आठवेना. खरंच आठवेना, मी ऐकलंच नव्हतं. ते म्हणाले, "आधी बांधीत थांबते, मग बोडीत, मग नदीला. तुमच्या टाचणात बांधी होती का? बोडी होती का?"

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि बोडी म्हणजे पाणी साठवायची लहान तळी. धानाची सगळी शेती या थांबलेल्या पाण्यावर उभी आहे. त्या पोरानं माझ्या पुस्तकातल्यापेक्षा पुरं उत्तर दिलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी मला पुन्हा त्याच वर्गात उभं केलं आणि त्या पोराच्या उत्तरापासून सुरुवात करायला लावली. आधी ते बोलेना. मग मी खडू त्याच्या हाती दिला. त्यानं जमिनीवर बांधी काढली, बोडी काढली, पाट काढला. वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. वर्गनियंत्रण पार बिघडलं. पण ते पोरगं त्यानंतर रोज बोलत होतं.

आता दुसरा प्रसंग. १९७२ साली मला जिल्हा परिषदेची नोकरी लागली. वैनगंगेच्या काठाजवळचं गाव, एकशिक्षकी शाळा. मुख्याध्यापक मीच, शिक्षक मीच, घंटा देणारा मीच. मार्च महिना, सकाळची शाळा. चौथीतली एक मुलगी रोज उशिरा येऊ लागली. मोहाचा हंगाम होता. मोहफूल पहाटे गळतं, ते उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गुरंढोरं खाऊन जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शिस्त! मी तिला बाहेर उभं केलं. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर. मग ती यायचीच बंद झाली. हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी मांडली आणि पुढे नियमाप्रमाणे नाव कमी केलं. त्या वर्षीच्या तपासणीत माझा हजेरीपट नीटनेटका असल्याचा शेराही मिळाला. रांजणाजवळ बसून "ती मुलगी का येत नाही हो?" असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली दुसऱ्या गावी झाली. जूनमध्ये एक बाई मुलाला घेऊन दाखल करायला आली. "ओळखलं नाई का जी गुरुजी?" मी ओळखलं नाही. तिनं त्या गावाचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मी प्रवेशाचा कागद पुढे केला, पेन दिलं. तिनं पेन बाजूला ठेवलं आणि अंगठा पुढे केला. चौथीपर्यंत आलेली मुलगी होती, लिहिता येत होतं तिला. विसरून गेली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट गुरुजी भेटले म्हणून आनंदच होता. शाईचं पॅड मीच पुढे धरलं.

एका वर्षाच्या अंतरात मी काही वाईट माणूस झालो नव्हतो. तोच मी, तेच शिक्षण. फरक एवढाच होता की एका वर्गात मागे कुणीतरी बसलेलं होतं आणि दुसऱ्यात नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. शिक्षक घडवण्यासाठी आपण गेल्या पंचवीस वर्षांत काय काय केलं? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये, आणि तीन वर्षं तशीच काढायची. ते मानधन वाढत वाढत २०२३ साली सोळा हजारांवर आलं. २०१३ साली राज्यात टीईटी सुरू झाली. २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, आणि भरती पवित्र पोर्टलवरून होऊ लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं आवश्यक ठरवलं. परीक्षा नको असं मी म्हणणार नाही. वशिल्यानं आणि पाकिटानं होणारी भरती आमच्या पिढीनं पाहिली आहे, त्यापेक्षा परीक्षा शंभर पटीनं बरी. पण परीक्षेला काय कळतं? उमेदवाराला काय माहीत आहे ते कळतं. तिसऱ्या रांगेतलं पोरगं काय म्हणालं ते त्यानं ऐकलं की नाही, हे कुठल्याही उत्तरपत्रिकेत उमटत नाही.

ते फक्त वर्गात कळतं. त्यासाठीच आंतरवासिता ठेवलेली आहे. २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवड्यांची केली. आमच्या वेळच्या मोजक्या सराव पाठांच्या मानानं हे फार मोठं पाऊल, आणि चांगलं पाऊल. पण वीस आठवडे शाळेत पाठवणं आणि वीस आठवडे कुणीतरी शिकवणं, यात फरक आहे. जिथे चार वर्गांना दोन शिक्षक, तिथे शिकाऊ मुलगी आली म्हणजे तिसरा शिक्षक मिळाला, असंच सगळे धरून चालतात. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. त्यात बारावी झालेल्यांना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना आठ आणि पदवीधरांना दहा हजार रुपये महिना विद्यावेतन. त्यातले काही तरुण शाळांमध्येही आले. नाव प्रशिक्षणाचं, पण रिकामा वर्ग सांभाळायला माणूस मिळाला तर तो कुणाला नको असतो? सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली, तीही संपली. मग ती मुलं घरी, आणि वर्ग पुन्हा रिकामा.

काही जण म्हणतात, गुरुजी, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का? एकटं सोडलं की आपोआप शिकतात. मी स्वतः तसाच शिकलो, हे खरं आहे. पण पोहताना बुडलाच तर शिकणारा बुडतो. इथे मी शिकलो आणि बुडाली ती मुलगी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो माझ्याच मनात येतो. जुन्या शिक्षकांना मागे बसवाल तर ते जुन्याच खोडी शिकवतील. छडी आम्हीच वापरली. ती वाईट आहे हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सांगावं लागलं. माझ्याकडून त्या पोरीनं वर्ग शांत कसा ठेवावा हे शिकू नये, असंच मला वाटतं. तिला सूक्ष्म अध्यापन, कृतियुक्त शिक्षण माझ्यापेक्षा चांगलं येतं. मागे बसणाऱ्याचं काम निराळं आहे. निरीक्षक मागे बसतो तो गुण देण्यासाठी. मी म्हणतो तो माणूस फक्त बघतो आणि संध्याकाळी एक प्रश्न विचारतो. गुण देणारा असला की पुढच्या पानांवरची रोजनिशी तयार होते. विचारणारा असला तर मागची पानं पुढे येतील.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. सावित्रीबाईंचं उदाहरण घ्या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्या शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा वय अवघं सतरा. शेण-माती अंगावर झेलल्याची कथा आपण सगळे सांगतो. पण जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं, तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, हे सांगायला विसरतो. धैर्य त्यांचं होतंच. पण त्यांना एकटं सोडलेलं नव्हतं. अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांकडे गेल्या त्या पस्तिशीच्या घरात. ट्रेनिंग झालेलं, शिकवण्याचा अनुभव गाठीशी. तरीही ताराबाईंच्या हाताखाली त्या नव्यानं शिकल्या. पुढे कोसबाडला या दोघींनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. हे वाचलं की मला मोहाचा हंगाम आठवतो. शाळा तासभर उशिरा भरवण्याचं मला का सुचलं नाही? सुचवणारं कुणी नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर मी आजवर स्वतःला देत आलो. ते अर्धंच खरं आहे. मी विचारायलाही गेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आंतरवासितेतल्या मुलामुलींच्या हाती पूर्ण वर्ग एकट्यानं देऊ नये. जो शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमला आहे, त्याचा मागे बसण्याचा तास हा कामाचाच तास धरावा, त्या दिवशी त्याला बैठकीला बोलावू नये. आणि जिथे माणसं कमीच आहेत, तिथे आमच्यासारख्या निवृत्तांना बोलावावं. प्रत्येक तालुक्याच्या गावी आम्ही दोन-चार जण तरी चौकात पेपर वाचत बसलेलो असतो. मानधन नको. एसटीत आम्हाला पंचाहत्तरीनंतर तिकीटही लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस रांजणाजवळ बसायला आमचे गुडघे अजून चालतात.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा बी.एड. हीच किमान पात्रता व्हावी असं ठरवलं आहे. म्हणजे आमच्या गल्लीतल्या या मुलीचा अभ्यासक्रमच उद्या राहील की नाही, ही तिची वेगळीच काळजी. "आबाजी, मी शिकून उपयोग काय?" असं ती मधूनच विचारते. याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन वर्षांची चार वर्षं करा, जरूर करा. पण त्या चार वर्षांतही वर्गात मागे कुणी बसणार नसेल, तर मागच्या पानांवरची नोंद तीच राहील.

त्या तेलुगू बोलणाऱ्या मुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी तिला फक्त विचारलं, "त्याचं घर पाहिलं का?" ती म्हणाली, नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर ती गेली. दारात त्याची आजी धान पाखडत होती. मुलगा आजीच्या मागे लपला. हिनं सुपाकडे बोट दाखवून विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" आजीनं सांगितलं. हिनं ते चुकीचं म्हटलं. मुलगा हसला आणि त्यानं ते दुरुस्त करून दिलं.

सोमवारी तो शाळेत आला. बोलला नाही अजून. पण आला. तिनं हे पुढच्या पानावर, शाईच्या पेनानं लिहिलं आहे, आणि मी त्यात शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही. दोन होत्या.

असो. बरंच लांबलं.